पेणची सई

अष्टमी, रोहा
१० जून २०२५

दादूस,

पुतळीचं पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळी बरी हायेत. मनस्वीचे पप्पा कंपनीत गेलेत, सेकंड शिफ्टला. मी ओट्यावर कागद ठेवून लिहितेय. दहावीच्या पेपरानंतर एवढं लांबलचक पहिल्यांदाच लिहितेय, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

तू म्हणशील फोन का नाय केला. अरे, फोन माझ्या हातात असेल तर करीन ना. घरात मोबाईल दोन. एक ह्यांच्या खिशात, दुसरा माझ्या नावाचा आणि तो मनस्वीच्या हाताला चिकटलेला. तुला मेसेज केला तर माझ्याआधी ती वाचते. बोलायला घेतला तर समोर उभी राहते, "झालं का आई, झालं का?" दीड खोलीच्या घरात तिच्याबद्दल तिच्यासमोर काय बोलणार. म्हणून हा कागद. तुमच्या गणपतीच्या कारखान्यातल्या कच्च्या मूर्ती घेऊन गोरख टेम्पोवाला इकडे येतो ना, तो म्हणाला, ताई द्या, प्रविणभाऊच्या हातात नेऊन देतो. त्याला बजावलंय की मनस्वीसमोर काय देऊ-घेऊ नकोस आणि तिनं विचारलं तर तोंड उघडू नकोस.

तर मनस्वी. चौदा पूर्ण झाली. सकाळी डोळे उघडायच्या आधी हात उशीखाली जातो. जेवताना एक हात ताटात, दुसऱ्यात मोबाईल. कशावर कालवण ओतलंय ते तिला कळत नाय, परवा ताकात भाकरी कुस्करून खाल्ली आणि म्हणाली आमटी आंबट झालीय. एकटीच हसते. विचारलं तर म्हणते, "तुला नाय कळणार." मोरीत जाते ती तासभर बाहेर येत नाय.

ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. समोरची धोंडुबाई म्हणते नजर लागलीय, मीठ-मोहरी उतर. उतरली. शाळेच्या बाई म्हणतात मोबाईल काढून घेऊ नका, अभ्यास त्यावरच येतो. मोबाईलच्या दुकानातला पोरगा म्हणाला लॉक लावून देतो, आणि लावायला घेतला तर लॉक आधीच लागलेलं, तिनं लावलेलं, मला माहीत नसलेलं. डॉक्टर म्हणाले दिवसातून एक तास द्या. कुठला एक तास ते नाय सांगितलं.

एकदा मी हिसकावून घेतला. ती ओरडली असती, पाय आपटले असते तर मला समजलं असतं. ती भिंतीकडे तोंड करून दोन दिवस नुसती बसली. तिसऱ्या दिवशी मीच नेऊन दिला. दादूस, मला तेव्हा राग नाय आला, भीती वाटली. मी पोटची पोर बघत होते आणि आत कोण हाय तेच मला कळत नव्हतं.

ती कुणाशी बोलते ते मला माहीत नाय. एवढंच कळलंय की तिथं तिचं नाव 'मनू अष्टमीकर' हाय. तू तिचा मामा. तुझ्यावर तिचा जीव हाय. कायतरी कर.

पुतळी

* * *

पेण
१५ जून

पुतळाबाय,

तुझं पत्र गोरखनं सगळ्या कारखान्यासमोर असं काय हळूच माझ्या हातात दिलं की गुणाजीशेठ विचारायला लागले, प्रविण, ह्या वयात? मी म्हटलं बहिणीचं हाय. कोणी विश्वास ठेवला नाय.

तुझ्या अक्षराला अजून पाय हायेत, पळत सुटतं. पण वाचलं, दोनदा वाचलं.

अगो, एवढी कशाला घाबरतेस? तू चौदाची होतीस तेव्हा गावात कुणाकडे व्हिडिओ आणला की तू संध्याकाळपासून तिथं पुढे जाऊन बसायचीस. आई मिठागरातून येऊन तुला कानाला धरून आणायची. बिघडलीस का? थोडी बिघडलीस, पण संसार करतेयस ना.

सीझन तोंडावर आलाय. माझ्यापुढे चारशे मूर्ती बिनडोळ्यांच्या बसल्यात. डोळ्यांची आखणी माझ्याशिवाय शेठ कुणाला करू देत नाय, म्हणून मला रोह्याला यायला जमणार नाय. पण तू काळजी करू नकोस. मी बंदोबस्त करतो. कसा ते विचारू नकोस, तुला पटणार नाय.

तुझ्या जगनरावांना सांग, हेल्मेट घालून गाडी चालवा.

प्रविण

* * *

अष्टमी
२ जुलै

दादूस,

तुझा बंदोबस्त कुठं अडकला? इथं आगीतून फुफाट्यात पडल्यासारखं झालंय.

शाळा सुरू झाली. मला वाटलं आता सुटेल. तर आता तिला मोबाईलमध्ये मैत्रीण भेटलीय. सई. उठता सई, बसता सई. म्हणे तुमच्या पेणची हाय, नववीत हाय, तिच्या घरच्यांचा गणपतीचा कारखाना हाय आणि ती स्वतः डोळे काढते. आमची बाई वह्यांच्या मागे डोळेच डोळे काढत बसते आता. गणिताच्या वहीतून बावीस डोळे माझ्याकडे बघतात.

पहिल्यांदा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन वर्षांत तिनं जेवताना कुणाचं नाव घेतलं नव्हतं. मग मी म्हटलं, तिला घरी बोलाव गो, पेण काय लांब हाय? तर म्हणाली, "तिला नाय जमत." म्हटलं फोनवर बोल, मी पण आवाज ऐकते. "ती बोलत नाय, नुसतं लिहिते." म्हटलं तोंड बघितलंस? "गौरीच्या मूर्तीचा फोटो लावलाय तिनं." दादूस, माझ्या हातातला झारा तेलात पडला. टीव्हीवर रोज सांगतात ना, पोरीचं नाव घेऊन बाप्ये कसे बोलतात पोरींशी, आधी गोड बोलतात, मग फोटो मागतात, मग भेटायला बोलावतात.

मी ह्यांना सांगितलं. सांगायला नको होतं. हे म्हणाले मोबाईल उखळात घालून कुटतो, आणि पोरीला माझ्या आत्याकडे धाडतो, तिथं डोंगरात रेंज येत नाय. येत्या रविवारी नेऊन सोडणार. तिथली शाळा सातवीपर्यंत हाय हे पण त्यांच्या लक्षात नाय. मी कुणाच्या बाजूनं बोलू तेच मला कळत नाय. धाडली तर पोर जाईल, ठेवली तरी पोर जाईल.

तू पेणमध्येच हायेस. सगळे कारखाने तुझ्या ओळखीचे. नववीतली पोर आखणी करते असा कारखाना कुठला? ही सई कोण हाय ते शोधून काढ आणि रविवारच्या आत कळव.

पुतळी

* * *

पेण
४ जुलै

पुतळे,

हे बसून वाच. हातात झारा असेल तर खाली ठेव.

सई म्हणजे मी.

घे. लिहिलं.

तू म्हणालीस कायतरी कर. मला मोबाईलमधलं कळतं ते एवढंच की हिरवं दाबलं की बोलायचं आणि लाल दाबलं की गप्प बसायचं. आमच्याकडे रंगकामाला करिश्मा नावाची पोर हाय, एकोणीस वर्षांची. तिला म्हटलं मला भाचीवर लांबून लक्ष ठेवायचंय. ती म्हणाली, काका, मामा म्हणून गेलात तर ती दार लावून घेईल, पोरीच्या नावानं जा. पाच मिनिटांत तिनं सई बनवून माझ्या हातात दिली. मी ठरवलं होतं नुसतं कोपऱ्यात उभं राहायचं आणि बघायचं. पण मनूनंच पहिलं लिहिलं. गौरीचा फोटो बघून विचारलं, "हे डोळे तू काढलेस?" आता मी काढलेले डोळे मी काढले नाय कसं म्हणू? लिहिलं, "व्हय, मीच."

पोरीसारखं कसं लिहितात ते मला येत नाय. मी आपलं घरात बोलतो तसंच लिहिलं. "काय गो, जेवलीस का?" करिश्मानं कपाळावर हात मारला. म्हणाली, संपलं काका, आता पकडले जाणार. तर तिकडून उत्तर आलं, "तू पण असंच बोलतेस?" आणि मग पोर जी सुटली ती थांबेचना.

तुला माहीत हाय का, शाळेत पोरी तिच्या बोलण्याला हसतात? 'नाय' म्हटलं की हसतात, 'हाय' म्हटलं की हसतात. आपण मिठागरातली माणसं म्हणून तिला 'मिठागर' अशी हाक मारतात. वर्ष झालं, ती वर्गात तोंड उघडत नाय. बाईंनी विचारलेलं येत असतं तरी गप्प बसते. डबा जिन्याखाली बसून खाते. आणि सई ही तिला भेटलेली पहिली पोरगी, जी आपल्यासारखं बोलते आणि लाजत नाय. आता सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला कशाला लाज वाटेल? पण तिला काय माहीत.

मी तुझ्यापासून लपवलं, कारण मला वाटलं आठवड्यात आटोपेल. आता आटोपत नाय. ती सकाळी उठल्या उठल्या लिहिते, मी ब्रश धरलेला असतो. परवा एका गणपतीचा एक डोळा भक्ताकडे आणि दुसरा उंदराकडे गेला. शेठनी सगळ्यांसमोर झाडलं.

जगनरावांना एवढंच सांग की प्रविणनं चौकशी केली, सई चांगल्या घरची पोर हाय. आत्याकडे धाडू नका. बाकीचं सांगू नकोस, माझी अब्रू राहू दे.

ती तुझ्याबद्दल पण लिहिते. ते मी लिहीत नाय.

प्रविण

* * *

अष्टमी
८ जुलै

दादूस,

लाज नाय वाटली तुला? मिश्या पिकल्या आणि पोरीशी पोरगी होऊन बोलतोस. माझे चार दिवस कसे गेले माझं मला ठाऊक. पेणातला प्रत्येक हलकट डोळ्यांसमोर आणत होते आणि निघाला माझा भाऊ.

ह्यांना तू म्हणालास तसं सांगितलं. आत्याचं रद्द झालं. त्यांचा तुझ्यावर फार विश्वास, म्हणून जास्तच वाईट वाटलं.

तुझं पत्र वाचून मी खूप रडले. तुझ्या कारस्थानासाठी नाय. जिन्याखालच्या डब्यासाठी. रोज डबा रिकामा येतो म्हणून मी खूश होते, पोर पोटभर खाते म्हणून. कुठं बसून खाते ते कधी विचारलंच नाय. आणि मला न सांगता हे सगळं तिनं तुला सांगितलं. तुला पण नाय, जी नाय त्या पोरीला सांगितलं. ह्यात मी कुणावर चिडू?

माझ्याबद्दल काय लिहिते ते सांग. 'लिहीत नाय' म्हणून अर्धवट सोडायचं असेल तर मग सांगायचंच कशाला?

नाय तर असं कर, सई मला दे. तुला मूर्ती हायेत, मला पोर हाय. मी आई हाय तिची, मला हक्क हाय.

पुतळी

* * *

पेण
१३ जुलै

पुतळे,

तीन दिवस विचार केला. कधी वाटलं देऊ नये, कधी वाटलं दिलेली बरी. माझ्या विचाराचा काय भरवसा नाय, पण एक खरं, मला हे झेपत नाय. काल तिनं विचारलं, तुझी पाळी आली की पोट दुखतं का? मी मोबाईल करिश्माच्या हातात देऊन बाहेर जाऊन उभा राहिलो. हे तुझंच काम हाय.

गोरखबरोबर जुना मोबाईल पाठवतोय. सई त्याच्यात हाय. करिश्मानं आवाज बंद करून ठेवलाय, तो चालू करू नकोस.

सई कशी हाय ते ध्यानात ठेव. तिला अंडं आवडत नाय, हे मी उगाच एकदा लिहिलं. तिला एक मोठा भाऊ हाय, तो बोटीवर हाय. पावसात कारखान्यात मूर्ती वाळत नाय म्हणून तिची आजी चिडचिड करते. गणितात ती ढ हाय, तेव्हा तिला गणित विचारलं तर हसून सोडून दे. आणि 'हो ना गं' वगैरे लिहू नकोस, ती आपल्यासारखंच बोलते.

आणि एक ऐक. सई म्हणून जे कळेल ते पुतळी म्हणून तोंडातून काढू नकोस. एकदा जरी निसटलं तरी सगळं गेलं.

प्रविण

* * *

अष्टमी
२७ जुलै

दादूस,

पत्राला उशीर झाला. वेळच मिळत नाय रे. हसू नकोस.

कसं चालतं सांगते. ती कॉटवर, मी ओट्याशी. मध्ये सहा फूट नसतील. मी तिच्याकडे पाठ करून उभी राहते, मोबाईल परातीच्या आड धरते आणि लिहिते, "काय गो, आज काय झालं शाळेत?" मागून कॉट करकरते, ती कुशीवर वळते आणि माझ्या हातात उत्तर येतं. सहा फुटांवरचं बोलणं कुठल्या कुठल्या तारांतून फिरून माझ्याकडे येतं. तोंडानं विचारलं असतं तर म्हणाली असती, "काय नाय."

सुरुवातीला भलतीच अक्षरं दाबली जायची. एक ओळ लिहायला माझी आमटी उतू जायची. आता बोटं चालतात. तिनं सगळं सांगितलं. मिठागर म्हणणाऱ्या पोरींची नावं. त्यातली एक तर धोंडुबाईची नात, जी माझ्याकडून लोणचं मागून नेते. पोट दुखतं ते सांगितलं, मी गूळ-ओवा सांगितला, आणि थोड्या वेळानं ती ओट्याशी आली आणि म्हणाली, "आई, ओवा कुठं हाय?" मी नुसता डबा पुढे केला. मला त्या दिवशी किती बरं वाटलं तुला सांगता येत नाय.

माझ्याबद्दल पण विचारलं मी. भीतभीत विचारलं, "तुझी आई कशी हाय गो?" लिहिते, "चांगली हाय. पण मी बोलायला लागले की ती भांडी घासायला घेते." एवढंच. हेच तू लिहीत नव्हतास? मी दिवसभर आठवत बसले. खरं हाय. कुणी कायतरी मोठं सांगायला लागलं की माझे हात आपोआप कशात तरी जातात. आपल्या आईचं पण असंच होतं.

तिनं शाळेत तोंड उघडावं म्हणून मी सईला हुशार केलीय. वर्गात एकदा मोठ्यानं उत्तर देऊन बघ म्हणून मी लिहिलं. शुक्रवारी दिलं तिनं. पोरी हसल्या, पण बाईंनी शाबासकी दिली. आधी सईला सांगितलं. मला अजून नाय सांगितलं. मी वाट बघतेय.

एक खरं सांगते, मोबाईल बाजूला ठेवला की मला चैन पडत नाय. तांदळाच्या पिठाच्या डब्यात लपवते आणि दहा मिनिटांनी पुन्हा डबा उघडते. हे म्हणाले, हल्ली रोज भाकरी कशी करपते? मनस्वी कालवणाचं विचारत होती, मला ऐकूच आलं नाय, मी तिलाच लिहीत होते. सई झाले की मला पोर भेटते, आणि पुतळी झाले की घरात कोणच नसतं. आता ह्याला बरं म्हणू की वाईट, तूच सांग.

पुतळी

* * *

पेण
३ ऑगस्ट

पुतळे,

वाईट. ताबडतोब बंद कर.

गोरख काल आला आणि डोकं खाजवत उभा राहिला. म्हणाला, भाऊ, तुमच्या भाचीनं मला पुलाजवळ गाठलं. विचारलं, "तुम्ही माझ्या आईला काय आणून देता?" तू त्याला तोंड बंद ठेवायला सांगितलेलंस. म्हणून तो बैल म्हणाला, "मला नको विचारू, आईनं सांगू नको म्हटलंय." पोर सायकल वळवून गेली.

आता मला झोप नाय. तू सई संपव. लिही की आजीनं मोबाईल काढून घेतला, शाळा बदलली, काय पण लिही. वाईट वाटेल तिला, पण रडून मोकळी होईल. मोबाईल ह्याच फेरीला गोरखकडे परत दे. नको, गोरखकडे नको देऊ. तुझ्याकडेच ठेव. मला काय सुचत नाय.

हे मी सुरू केलं, म्हणून माझीच चूक. तरी सांगतो ते ऐक.

प्रविण

* * *

अष्टमी
११ ऑगस्ट

दादूस,

हे पोस्टानं पाठवतेय. गोरखला इकडे येऊ देऊ नकोस.

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी मी सईला संपवायचं ठरवलं होतं. शब्द जुळवत होते. पण आज-उद्या करत राहिले. तिला वाईट वाटेल म्हणून नाय, मला करमणार नाय म्हणून. खोटं बोलत नाय तुझ्याशी.

परवा दुपारी तिनं लिहिलं. मी तुला तसंच्या तसं उतरवून देते.

"सई, एक विचारू? कुणाला सांगू नकोस. माझी आई बदललीय. ती दिवसभर मोबाईलमध्ये असते. तिच्याकडे दुसरा मोबाईल हाय, पिठाच्या डब्यात ठेवते, मी उघडून बघितला पण लॉक हाय. एकटीच हसते. मी काय विचारलं तर तिला ऐकू येत नाय. एक टेम्पोवाला येतो, तो पप्पा नसताना तिला चिठ्ठ्या देतो. ती पण त्याला देते. वाचून झाल्या की ती रडते आणि चुलीत जाळते. मला वाटतं आई आम्हाला सोडून जाणार हाय. मी पप्पांना सांगू का? सांगितलं तर पप्पा तिला मारतील. नाय सांगितलं आणि ती गेली तर? मला खूप भीती वाटते. तू सांग, तू सांगशील ते मी करीन."

दादूस, ती माझ्या मागे बसली होती. सहा फुटांवर. मी वळून बघितलं तर मोबाईल छातीशी धरून माझ्या पाठीकडेच बघत होती. मी बघितल्यावर खाली बघितलं. तीन दिवस तिनं धड खाल्लेलं नाय ते मला तेव्हा दिसलं. तोंड एवढंसं झालंय. आणि ह्या तीन दिवसांत मी सई होऊन तिला विचारत होते, काय गो, गप्प का?

एकटीच हसते, दिवसभर मोबाईलमध्ये असते, आत कोण हाय कळत नाय. जूनमध्ये मी तुला हेच लिहिलं होतं की काय?

मी काय उत्तर देऊ? सई म्हणाली सांगू नकोस, तर एवढं ओझं ती एकटी वाहणार. सई म्हणाली सांग, तर ह्यांचा राग तुला ठाऊक हाय, विचारायच्या आधी हात उठतो, आणि त्या बिचाऱ्या गोरखला ह्यांच्या कंपनीजवळ, धाटावच्या नाक्यावर गाठतील. आणि सईनं खरं सांगितलं तर सई गेली. जगात तिची एक मैत्रीण, ती आधी मामा निघणार आणि मग आई. पुन्हा ती कुणाला तरी काय सांगेल का?

मी एवढंच लिहिलं, "थांब. पप्पांना सांगू नकोस. दोन दिवस दे मला." तिनं लिहिलं, "लवकर सांग."

दोन दिवस आज संपले. तुझं उत्तर यायला चार दिवस. मी हे पत्र पेटीत टाकायला जातेय आणि वाटेत कायतरी ठरवणार हाय.

पुतळी

* * *

अष्टमी
१२ ऑगस्ट

दादूस,

कालचं पत्र तुला मिळायच्या आधी हे लिहितेय. आधी कुठलं पोचेल देव जाणे.

काल पोस्टातून आले. हे कामावर. पिठाचा डबा काढला, मोबाईल पुसला, लॉक उघडलं आणि तिच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, वाच.

तिला पहिल्यांदा समजलंच नाय. तिला वाटलं सईनं मला सांगितलं. म्हणाली, "सईनं तुला का दाखवलं हे?" मग वर सरकवत गेली, वर, आणखी वर. जूनपर्यंत गेली. मी समोर जमिनीवर बसले होते. दोन तास तरी गेले असतील. तिचं तोंड बघवत नव्हतं, पण मी उठले नाय.

मग तिनं विचारलं, "सुरुवातीची सई कोण?"

"मामा."

"म्हणजे मामाला पण सगळं माहीत हाय."

"व्हय."

"ओवा तू सांगितलास."

"व्हय."

"टेम्पोवाला?"

"मामाची पत्रं आणायचा. तुझ्याबद्दलची."

तिनं थोडा वेळ बोटं मोडली. मग म्हणाली, "म्हणजे सई कुठंच नाय?" मी म्हटलं, नाय. तेव्हा रडली. आई सोडून जाणार ह्या भीतीनं तीन दिवस जेवली नव्हती, तेव्हा नाय रडली. सई नाय म्हटल्यावर रडली. मी जवळ गेले तर हात झटकला. मी म्हटलं, मनू, मी हाय ना, मला सांग, मी ऐकते. म्हणाली, "तू ऐकलंस. सगळं ऐकलंस. मी तुला सांगितलंच नव्हतं."

मी परत जमिनीवर जाऊन बसले.

रात्री जेवली नाय. ह्यांना सांगितलं, तिचं डोकं दुखतंय. तिनं पण तेच सांगितलं. तिनं मला वाचवलं की माझ्याशी नातं एवढंच उरलंय, काय कळत नाय. सकाळी शाळेत गेली. मोबाईल घरी ठेवून गेली, पहिल्यांदाच. माझा पण आणि सईचा पण, दोन्ही ओट्यावर शेजारी शेजारी. जूनमध्ये मी देवाला हेच मागितलं होतं. सकाळभर ते दोन काळे तुकडे बघत ओटा पुन्हा पुन्हा पुसत होते.

दुपारी आली. हातपाय धुतले. मी ताट वाढलं, जेवली. मग स्वतः माझा मोबाईल उचलला, कॉटवर भिंतीकडे तोंड करून बसली आणि लिहायला लागली. ओट्यावरच्या सईच्या मोबाईलला उजेड आला. मी बघितलं. लिहिलं होतं,

"सई, आज वर्गात मी पुन्हा उत्तर दिलं. कोण हसलं नाय. आणि मला एवढं मोठं दुःख झालंय आणि ते सांगायला मला कोणच नाय."

मी तोंडानं म्हटलं, "मनू, मला सांग."

भिंतीकडे बघतच म्हणाली, "तुला नाय. सईला सांगतेय."

"अगो, पण सई..."

"माहीत हाय मला."

दादूस, मी ओट्यावरून मोबाईल उचलला. तिच्या मागे कॉटवर जाऊन बसले. माझी पाठ तिच्या पाठीला लागली, तिनं काढून घेतली नाय. मी लिहिलं, "सांग गो. काय झालं?"

तिनं लिहिलं, "माझ्या आईनं मला फसवलं."

मी लिहिलं, "मग?"

ती लिहायला लागली. अजून लिहितेय. मी मांडीवर हा कागद ठेवून लिहितेय, डाव्या हातात तो मोबाईल हाय, आणि तिची पाठ हलते ती मला लागते. काय लिहील माहीत नाय. वाचून सई म्हणून काय बोलायचं तेही माहीत नाय, आणि आई म्हणून तर त्याहून नाय. पण ती लिहीत असेपर्यंत मी इथून उठत नाय.

पुतळी